कुंडीला भोक कशासाठी?

रिकामा पत्र्याचा डबा घ्या, माती भरा, झेंडूचे रोप लावा. झाली बिनपैशाची कुंडी! पण रोज पाणी घालूनही रोप पिवळे पडते. माझेही पडले होते. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी घातले आणि रोप मेले.

असे का व्हावे? मुळेही श्वसन करतात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते, तिच्यातील ऑक्सिजन मुळांना मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा तुटतो. कारण हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून डब्याच्या तळाला चार-पाच भोके हवीत. खिळा आतून बाहेर ठोका, म्हणजे भोकाची कड आत उंच राहून पाणी अडवणार नाही.

भोकांतून सगळे पाणी जाते का? भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी ठिबकेल! बारीक छिद्रे केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली की जादा पाणी खाली उतरते. कुंडीतही तळाशी एक ओला थर उरतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. म्हणून उथळ भांड्यापेक्षा उंच डबा बरा. तळाशी खडे घातले तर हा थर खड्यांवर बसतो, म्हणजे मुळांच्या अधिकच जवळ! भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

आता कुंडीतून शेतात चला. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरात, कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या मातीत, उसाला भरमसाट पाणी दिले गेले. या मातीचे कण अतिशय बारीक, त्यामुळे निचरा मंद. जमिनीतील पाण्याची पातळी वर आली. उन्हाने पाण्याची वाफ झाली, क्षार मात्र मागे राहिले. अशाने चांगल्या जमिनी खारपड झाल्या. त्या सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप पुरतात आणि जादा पाणी ओढ्याकडे काढून देतात. शेताच्या तळाला पाडलेली ही भोकेच होत.

दोन सारखे डबे घ्या. एकालाच भोके पाडा, दोन्हींना सारखे पाणी घाला, महिनाभर नोंद ठेवा. मग ती वही घरच्या शेताच्या बांधावर घेऊन जा आणि विचारा : इथले जादा पाणी कोठे जाते?