दुकान सांभाळता सांभाळता लिहिलेलं पुस्तक

फलटणच्या एका छोट्या किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई. दुकानावर बसणाऱ्या बाई ती आधी वाचून काढत, मग पुड्यांना वापरत. गिऱ्हाईक नसलं की लिहायलाही बसत. लिहिलेलं मात्र घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून जुन्या कागदांच्या ढिगाखाली सारून ठेवत. ही लपवाछपवी वीसेक वर्षं चालली.

या बाई म्हणजे बेबीताई कांबळे.

त्यांचा जन्म १९२९ चा. बालपण वीरगावला आजोळच्या महारवाड्यात गेलं, लग्न लहानपणीच झालं. पुढे फलटणमध्ये राहून मराठी भाषेचं संशोधन करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना या लिखाणाचा सुगावा लागला आणि त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते वाचकांपुढे आलं, १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक निघालं.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये, अशी आत्मकथनं आधी येऊन गेली होती. बेबीताईंनी त्या वाटेवर बायकांचं जगणं आणलं, तेही चुलीपासून बाळंतपणापर्यंत. आषाढात सारवून स्वच्छ होणारी घरं आणि त्या महिन्याची चंगळ त्यात आहे. उपासमारीत निवडुंगाची बोंडं खाऊन काढलेले दिवस आहेत. सासरच्या जाचाला कंटाळून पळालेल्या सुनेला पकडून आणत आणि तिच्या पायात लाकडी खोडा अडकवत, हेही आहे. गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय त्या सांगतात, तसाच महारवाड्यातल्या पुरुषांनी बायकांवर केलेलाही. बाबासाहेबांच्या चळवळीने ही माणसं कशी उभी राहिली, तेही त्यांनी जवळून पाहिलेलं. पुढे त्यांनी स्वतः फलटणजवळच्या निंबुरे गावात आश्रमशाळा काढली.

एवढं सगळं उघड सांगणाऱ्या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ दिसत नाही. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला, त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. नवरा संशय घेऊन मारहाण करायचा, हे त्यांनी तिथे सांगितलं. मग पुस्तकात का नाही लिहिलं? त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की बहुतेक बायका तेच सोसत होत्या, त्यात आपलं वेगळं काढून काय सांगायचं.