सुईचं टोक कुठे थांबतं?

‘डॉक्टर, गोळ्या नकोत, सुईच द्या.’ कंबर धरून आलेला पेशंट खुर्चीत टेकायच्या आतच सांगतो. काचेची कुपी फुटते, औषध सिरिंजमध्ये चढतं आणि कुल्ल्यात टोचलं जातं. कुपीत बहुधा ७५ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक असतं. बहुतेकांना त्याने आराम पडतो. क्वचित एखादा मात्र सुई टोचताच कळवळतो. तिथली कातडी पांढरीफटक पडते, मग निळ्या-जांभळ्या रेघांची जाळी उमटते. काही दिवसांत तो भाग काळा पडून मरतो. कंबर दोन दिवसांत सुटते, पण कुल्ल्यावरची जखम भरायला कित्येक आठवडे जातात.

याला ‘निकोलाऊ सिंड्रोम’ म्हणतात. १९२४-२५ मध्ये फ्रॉयडेन्टाल आणि निकोलाऊ यांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा सिफिलिसवर बिस्मथची इंजेक्शनं देत असत. बिस्मथ मागे पडलं. आज अशा रुग्णांत डायक्लोफेनॅकचं नाव वारंवार येतं.

औषध लहान धमनीत किंवा तिला खेटून सांडलं, की ती आवळते, गुठळी होते आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं, असं मानलं जातं. डायक्लोफेनॅक शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाही, म्हणून वेदना शमते. पण रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायलाही काही प्रोस्टाग्लँडिन लागतात. म्हणजे औषधाचा जो गुण, तोच इथे नडतो.

दुसरी चुकीची जागा म्हणजे चरबी. डब्लिनमधल्या डॉक्टरांनी २००५ साली ५० रुग्णांना कुल्ल्यात इंजेक्शन देताना औषधासोबत हवेचा बुडबुडा सोडला आणि तो कुठे पोचला ते सीटी स्कॅनवर पाहिलं. फक्त ३२ टक्के रुग्णांत औषध स्नायूत गेलं होतं. २५ बायकांपैकी अवघ्या दोघींत! बाकीच्यांची सुई चरबीतच थांबली होती. चरबीत रक्तपुरवठा कमी; औषध तिथेच रेंगाळतं आणि झोंबरं असेल तर गाठ किंवा गळू होऊ शकतं.

तिसरा धोका सायटिक नसेचा. ही जाड नस कुल्ल्याच्या आतल्या-खालच्या बाजूने जाते. सुई तिला लागली तर पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून कुल्ल्यावर मनात अधिकचं चिन्ह काढायचं आणि वरचा, बाहेरचा चौकोन निवडायचा. खुब्याच्या बाजूची जागा त्याहून सुरक्षित, कारण तिथे मोठ्या नसा नि रक्तवाहिन्या नाहीत. सुईची लांबी माणसाच्या अंगलटीप्रमाणे घ्यायची, ती काटकोनात टोचायची, दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येतं का पाहायचं आणि औषध सावकाश सोडायचं. पेशंट कळवळला तर तिथेच थांबायचं. एवढं करूनही धोका पुरता टळत नाही, पण कमी होतो.

टोचल्यावर असह्य ठणका लागला आणि कातडीचा रंग बदलला, तर बर्फ लावत बसू नका. थंडाव्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यावर हमखास इलाज नाही. रक्त पातळ करणारी, रक्तवाहिन्या सैलावणारी औषधं देतात आणि मेलेला भाग शेवटी कापून काढावा लागू शकतो.

हेच डायक्लोफेनॅक गोळीतही मिळतं. तिचा असर व्हायला थोडा वेळ लागतो, इतकंच. उलट्या होत नसतील आणि गिळता येत असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात शिरताना ‘सुईच द्या’ऐवजी ‘गोळीने भागेल का?’ असं विचारून पाहा.