भरती, ओहोटी आणि रोहित पक्षी

जसोंडीच्या विद्यार्थ्यांपुढे खाडीतील पक्ष्यांचा विषय मांडावा, हे प्रथमदर्शनी अस्थानी वाटेल. परंतु बुऱ्हाणपुरावरून वाहणारी तापी अखेर सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते. नदीने आणलेला गाळ मुखाशी साचतो आणि त्या गाळावर असंख्य पक्षी जगतात. हा जीवनक्रम कसा चालतो, हे मी ठाण्याच्या खाडीच्या उदाहरणाने सांगणार आहे.

मी आयुष्यभर मराठी शिकविले. कवितेत पक्षी आला की त्याचा प्रतीकार्थ उलगडून दाखविला. तो काय खातो, कोठे विसावतो, हे मात्र कधी सांगितले नाही. निवृत्तीनंतर एका फाल्गुनात शिवडीच्या धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभा राहिलो, तेव्हा ही उणीव ध्यानात आली. समोर नुसते पाणी होते. जवळच जाळे विणीत बसलेला कोळी म्हणाला, "पाणी उतरू द्या, बाबा." तासाभराने चिखल उघडा पडू लागला आणि त्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उतरली.

रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. धाकटा रोहित मुख्यत्वे सूक्ष्म शेवाळ खातो. थोरला लहान कवचधारी जीवही टिपतो. या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी छटा येते. पिले करडी असतात. त्याच चिखलावर लहान चिखल्याही चरतो. वसंतारंभी त्याच्या छातीवर तांबूस रंग चढू लागतो. हिमालयापलीकडील उंच पठारांवर विणीसाठी जाण्याची ती तयारी होय.

भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. ओहोटीत चिखल हे पक्ष्यांचे ताट. भरतीत ते बुडाले की त्यांना लगतच्या उथळ पाणथळींत विसावा घ्यावा लागतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि नवी मुंबईतील विसाव्याची अनेक तळी त्या सीमेबाहेर राहिली. ताट राखले आणि अंथरूण काढून घेतले, तर पाहुणा किती दिवस राहील? नेरूळच्या अशाच एका तळ्याला संरक्षण देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, ती याच जाणिवेतून.

मारुती चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या वसाहतीसाठी 'सारंगागार' हा शब्द मराठीला दिला. दीर्घकाळ रानात राहून पाहिले, म्हणून तो शब्द त्यांना सुचला. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शिवारातील पाण्याकाठीही हिवाळ्यात शेपटी हलविणारा तुतवार येतो. यंदा तो दिसल्यास तारीख, पाण्याची पातळी आणि त्याचे नाव वहीत लिहून ठेवा. मी जे सत्तरीत शिकलो, ते तुम्ही बाराव्या वर्षी शिकू शकता.