गळ, दोरी, पाणी – भाग ५ : रीळ किती मोठे घ्यावे?

स्पिनिंग रिळावर १०००, २५००, ४००० असे आकडे छापलेले असतात. हे आकडे मिलिमीटरचे नाहीत, ग्रॅमचे नाहीत, आणि त्यांवरून किती मीटर दोरी मावेल तेही कळत नाही. कंपनीने आपल्याच रिळांची लहान-मोठी उतरंड लावताना दिलेले ते क्रमांक आहेत. शिमानो आणि दायवा या दोन जपानी कंपन्यांची उतरंड बरीचशी जुळते. काही अमेरिकन कंपन्या शेवटची दोन शून्ये गाळून २५, ३०, ४० असे लिहितात. २०१८ साली दायवाने ‘एलटी’ ही हलकी मालिका आणली तेव्हा मापेच बदलली. दायवाचे जुने २५०० हे आजच्या ३०००च्या जवळ जाते. क्रमांकाला ‘सी’ अक्षर जोडलेले असेल तर स्पूल, म्हणजे दोरी ज्यावर गुंडाळली जाते तो भाग, त्या आकड्याचे, पण अंग त्याहून लहान मापाचे, असे समजावे. म्हणून दोन कंपन्यांची रिळे केवळ आकडा पाहून तोलू नयेत. स्पूलच्या कडेवर किंवा खोक्यावर दोरीची जाडी आणि लांबी छापलेली असते. ती वाचली की रिळाचे खरे माप हाती येते.

समजा, एका २५०० रिळावर ‘०.२५ मिमी – १६० मीटर’ असे लिहिले आहे. त्यावर ०.३० मिमीची नायलॉन दोरी भरली तर ती किती मावेल? स्पूलवरची जागा तेवढीच राहते आणि दोरी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात जागा खाते. त्यामुळे ०.३० मिमीची दोरी साधारण ११० मीटर बसते, ०.२० मिमीची मात्र २५० मीटरपर्यंत जाते. जाडीतला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण लांबीत तो दुपटीहून मोठा होतो. विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, बाजारात आल्यापासून या हिशेबाला वेगळेच वळण लागले आहे. १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलो ताण सोसणारी नायलॉन दोरी साधारण ०.२८ मिमी जाड असते. त्याच जाडीची ब्रेड ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो, सहज पेलते. पूर्वी मोठ्या माशासाठी मोठे रीळ घ्यावे लागे ते मुख्यतः जाड दोरी मावावी म्हणून. ते कारण आता बरेचसे उरलेले नाही.

तरीही मोठ्या रिळाची गरज काही ठिकाणी राहते. ती कुठे, हे पाण्यावरून ठरते.

रिळांचे बहुतेक तक्ते अमेरिकेतील बास या माशाला धरून केलेले आहेत. शहापूर-मुरबाड या तालुक्यांच्या पाण्यात बास नाही. स्वभावाने त्याच्या सर्वात जवळ येतो तो मरळ. शेवाळ, कमळाची पाने, बुडालेली झुडपे यांच्या आडोशाला दबा धरायचा आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालायची, ही त्याची रीत. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्या, कोमट, प्राणवायू कमी असलेल्या डबक्यातही तो तग धरतो. गावतळी, पाझर तलाव, कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचे साठे आणि काळू, शाई, भातसा या नद्यांचे उन्हाळ्यात उरणारे डोह ही त्याची ठिकाणे. अशा पाण्यात पलीकडचा काठ बहुधा दिसत असतो. पंचवीस-तीस मीटरची फेक पुरते आणि गळाला लागलेला मरळ शंभर मीटर दोरी ओढून नेत नाही. तो ओढतो जवळच्या गवतात. एकदा तो देठांत गुंतला की मासाही जातो आणि आमिषही.

म्हणजे मरळीसाठी रीळ निवडताना दोरी किती मावते हा प्रश्न मागे पडतो. रिळाला करावे लागते ते काम पहिल्या चार-पाच सेकंदांत मासा वळवण्याचे. तेव्हा हॅन्डलवर जोर देऊन दोरी गुंडाळावी लागते आणि तो सगळा भार आतल्या दातेरी चाकांवर, स्पूलच्या दांड्यावर आणि रिळाच्या अंगावर येतो. १००० किंवा २००० मापाच्या हलक्या रिळाचे अंग अशा वेळी किंचित मुरडते, चाकांचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि काही महिन्यांत रीळ खरखरू लागते. ३००० ते ४००० मापात चाके मोठी, हॅन्डल लांब आणि दोरी मागे धरून ठेवणाऱ्या ड्रॅगच्या चकत्या रुंद असतात. गवताळ पाण्यात रबरी बेडूक फिरवायचा असेल तर ३० पौंडांच्या ब्रेडसह हेच माप योग्य. उघड्या, खडकाळ डोहात लहान चमचा किंवा मऊ रबरी मासळी ओढायची असेल तर २५०० पुरेसे आहे आणि दिवसभर हाताळायला सुखाचेही.

ड्रॅगच्या आकड्याने पुष्कळ जण फसतात. खोक्यावर ८ किंवा १० किलो लिहिलेले असते, पण तो पूर्ण आवळल्यावरचा आकडा असतो. उघड्या पाण्यात ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवतात, म्हणजे १० पौंडांच्या नायलॉनवर सुमारे सव्वा ते दीड किलो. गवतात तो अधिक आवळावा लागतो, तरी पाच किलोचा ताण हातातल्या काठीवर धरून उभे राहणे हे भल्याभल्यांना अवघड जाते. साध्या वजनकाट्याला दोरी अडकवून एकदा ओढून पाहिले की हे पटते. जास्तीत जास्त किलो दाखवणाऱ्या रिळापेक्षा झटके न देता सलग दोरी सोडणारे रीळ चांगले.

स्पूलच्या व्यासाचा परिणाम फेकीवर होतो. नायलॉन दोरीला गुंडाळलेल्या आकाराची सवय लागते. लहान स्पूलवर तिची वेटोळी बारीक आणि घट्ट होतात, ती काठीच्या पहिल्या कडीत घासतात आणि आमिष जवळच पडते. म्हणून १० पौंडांहून जाड नायलॉन वापरणाऱ्याने २५००च्या खाली जाऊ नये. ब्रेड मऊ असल्याने तिला ही अडचण फारशी येत नाही. मात्र ती गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तळाशी थोडी नायलॉन गुंडाळून मग ब्रेड भरावी. दोरी स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील इतकीच असावी. जास्त भरली तर फेकताना गुंते एकदम सुटून येतात आणि कमी भरली तर फेक आखडते.

हॅन्डलच्या एका फेऱ्यात स्पूलभोवतीचा फिरका किती वेळा फिरतो, ते ५.० किंवा ६.२ अशा गुणोत्तराने सांगतात. साधारण ४७ मिमी व्यासाच्या स्पूलवर ५.० गुणोत्तराने एका फेऱ्यात पाऊण मीटरच्या आसपास दोरी येते. मरळ काठाकडे धावत आला तर सैल पडलेली दोरी लगेच आवरावी लागते. त्यामुळे येथे ६च्या जवळपासचे गुणोत्तर उपयोगी.

कटला, रोहू, मृगळ हे मासे पिठाचा गोळा लावून धरतात आणि ते मोठे होतात. मोठ्या पाण्यात ते दूरवर दोरी ओढतात, तेथे ४००० ते ६००० मापाचे रीळ आणि दीडशे-दोनशे मीटर दोरी लागते. पण अशा मोठ्या पाण्याकडे जाण्याआधी चौकशी करावी. तानसा तलाव १८९२चा, मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा, आणि त्याभोवती अभयारण्य आहे. तेथे परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. भातसाचे पाणीही मुंबईला जाते. इतर जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि ओढ्या-नद्यांच्या मासळीवर कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांची चूल पेटते. हौसेखातर गळ टाकणाऱ्याने त्यांना विचारूनच पाण्याशी जावे.

काठीशी तोल हा शेवटचा आणि दुकानातच करून पाहण्याचा भाग. २५०० मापाची रिळे साधारण सव्वादोनशे ते तीनशे ग्रॅमची असतात, ४००० मापाची त्याहून जड. साडेसहा-सात फुटी काठीला रीळ लावून, त्याच्या पायाजवळ बोट ठेवून काठी आडवी धरावी. टोक जमिनीकडे ओढत असेल तर रीळ हलके आहे आणि मूठ खाली जात असेल तर जड. काठी न नेता घेतलेले रीळ बहुधा घरी पडून राहते.

या दोन तालुक्यांत फिरणाऱ्या आणि एकच रीळ घेऊ शकणाऱ्या नवख्याने ३००० मापाचे, ६च्या आसपासच्या गुणोत्तराचे, धातूच्या स्पूलचे रीळ घ्यावे आणि त्यावर २० पौंडांची ब्रेड भरावी. गवतातल्या मरळीला ते थोडे कमी पडेल, डोहातल्या लहान माशाला थोडे जास्त होईल, पण दोन्हीकडे चालेल. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात तांबूस पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे गळ टाकू नये. आईबाप गेले की तो सगळा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.