घराची सूत्रे घरातच : स्वतः उभारलेल्या स्मार्ट होम हबचे गणित

रायपूर : मोबाइलवरून दिवा लावण्याची आज्ञा दिवाणखान्यातून निघते, परगावच्या किंवा परदेशातील संगणकापर्यंत जाते आणि तेथून परत येऊन त्याच दिवाणखान्यातील दिवा लावते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त स्मार्ट उपकरणांचा व्यवहार असाच चालतो. इंटरनेट सुरळीत असेपर्यंत हा वळसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मात्र जोडणी तुटली, किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीने आपली सेवाच गुंडाळली, की मोबाइलमधील ते बटण निरर्थक होते. हा वळसा टाळून घरातील बिनतारी उपकरणांचा कारभार घरातच ठेवायचा असेल, तर स्वतःचा हब उभारणे हा एक मार्ग आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही. पण जाहिरातींतून भासते तितके सोपेही नाही.

रायपूरमधील समता कॉलोनी ही शहरातील जुन्या निवासी वसाहतींपैकी एक. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू असल्याने मराठी कुटुंबांचा या परिसराशी जुना परिचय आहे. अशा वसाहतींमध्ये मुले नोकरीनिमित्त पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरला आणि आईवडील मूळ घरी, ही स्थिती नवलाची राहिलेली नाही. तेथे स्मार्ट होम हा हौसेचा विषय उरत नाही. जिन्यातील दिवा अंधार पडताच लागावा, गच्चीवरील टाकी भरताच मोटर थांबावी, सकाळी बराच वेळ स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही तर परगावी असलेल्या मुलाला सूचना मिळावी, अशा त्या गरजा असतात. या गरजा भागवणारी यंत्रणा कोणाच्या भरवशावर उभी आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

तो प्रश्न काल्पनिक नाही. नेस्ट या कंपनीने २०१४ मध्ये ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा हब बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेली ती यंत्रे सुस्थितीत असूनही एका दिवसात निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती मालमत्ता विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा अलेक्सा आणि रिंग यांसारखी उपकरणेही काही तास अडखळली. या तिन्ही प्रसंगांत बिघाड घरात नव्हता, गैरसोय मात्र घरात झाली.

हब म्हणजे घरातील उपकरणांचा दुभाषा आणि कारभारी. एक सेन्सर झिगबीवर बोलतो, दुसरा प्लग वाय-फायवर, तिसरे कुलूप ब्लूटूथवर. हब या सर्वांचे संदेश एका भाषेत आणतो आणि ठरवून दिलेल्या नियमांनुसार आज्ञा देतो. त्यासाठी लागणारा संगणक लहानसा असला तरी चालतो. रास्पबेरी पाय ४ किंवा ५, जुना लॅपटॉप, कार्यालयांतून निघालेला छोटा डेस्कटॉप यांपैकी काहीही पुरेसे आहे. सरासरी ५ वॅट वीज घेणारा संगणक चोवीस तास चालू ठेवला, तरी महिन्याचा खर्च ३.६ युनिटच्या आसपास राहतो.

त्यावर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक परिचित नाव ‘होम असिस्टंट’. पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये त्याची सुरुवात केली, ती सूर्यास्ताच्या वेळी घरातील दिवे आपोआप लागावेत एवढ्याच माफक इच्छेतून. २०२४ पासून हा प्रकल्प ‘ओपन होम फाउंडेशन’ या संस्थेकडे आहे. सूर्यास्ताचे हे उदाहरण भारतातही उपयोगी आहे. संपूर्ण देशाची घड्याळे एकच वेळ दाखवत असली, तरी रायपूरला मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक लवकर अंधार पडतो. हबला घराचे अक्षांश-रेखांश एकदा दिले की तो रोजचा सूर्यास्त स्वतःच काढतो. त्यासाठी त्याला इंटरनेटची गरज पडत नाही.

संगणक आणि सॉफ्टवेअर जुळले तरी खरी कसोटी रेडिओ लहरींची असते. दार, हालचाल, तापमान टिपणाऱ्या लहान सेन्सरसाठी झिगबी सोयीचे ठरते, कारण नाण्याएवढ्या बॅटरीवर ते दीर्घकाळ चालतात. हबला झिगबी समजण्यासाठी संगणकात पेन ड्राइव्हसारखा दिसणारा एक डोंगल लावावा लागतो. ‘झिगबी-टू-एमक्यूटीटी’ हे सॉफ्टवेअर त्या डोंगलमार्फत येणारे संदेश एमक्यूटीटी या पद्धतीत बदलून देते. एमक्यूटीटी मुळात १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहामार्फत, कमीत कमी खर्चात मिळवण्यासाठी तयार झाले होते. आज तेच गच्चीवरील टाकीची पातळी सांगण्याच्या कामी येते.

झिगबी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात वावरतात. त्या पट्ट्यात झिगबीला ११ ते २६ क्रमांकाचे सोळा चॅनेल उपलब्ध आहेत, तर वाय-फायचे राउटर सहसा १, ६ आणि ११ हे चॅनेल वापरतात. दोघांचे क्रमांक वेगवेगळ्या मोजपट्टीवरचे असल्याने गोंधळ होतो. वाय-फायचे हे तिन्ही चॅनेल व्यापले गेले, तरी त्यांच्या मधल्या आणि शेवटच्या फटीत झिगबीचे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल तुलनेने मोकळे राहतात. दाट वस्तीत शेजारच्या चार घरांचे राउटर आपल्या भिंतीपर्यंत पोहोचत असतात. त्यामुळे ही निवड सुरुवातीलाच केलेली बरी. नंतर चॅनेल बदलल्यास अनेक उपकरणे पुन्हा जोडत बसावे लागते.

दुसरा अडथळा त्याहून छुपा आहे. संगणकाच्या यूएसबी ३.० पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. डोंगल थेट त्या पोर्टमध्ये खोचला, तर शेजारच्या खोलीतील सेन्सरही वारंवार हरवतो आणि दोष सेन्सरला दिला जातो. साध्या एक-दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने डोंगल संगणकापासून दूर नेला की ही तक्रार बहुधा मिटते. नव्याने हब उभारणाऱ्यांनी बाकी काही विसरले तरी ही केबल विसरू नये.

जुन्या घरांच्या नऊ इंची विटांच्या भिंती आणि स्लॅब लहरी अडवतात. झिगबीत त्यावर उपाय आहे : विजेवर सतत चालणारी बहुतेक झिगबी उपकरणे दुसऱ्याचा संदेश पुढे पोहोचवतात. जिन्याजवळ एक झिगबी प्लग लावला तर तळमजल्यावरील हब आणि गच्चीचे दार यांच्यात तो पायरीचे काम करतो. बॅटरीवरची उपकरणे मात्र हे काम करीत नाहीत.

येथे परदेशी मार्गदर्शन आणि भारतीय घर यांच्यातील फरक उघड होतो. परदेशी लेखांमध्ये स्मार्ट बल्ब लावून सुरुवात करण्याचा सल्ला हमखास असतो. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणे हा लहानपणापासूनचा संस्कार आहे. घरातील आजीने बटण बंद केले की बल्ब हबच्या दृष्टीने नाहीसा होतो, आणि त्याच्यामार्फत संदेश पाठवणारा पलीकडचा सेन्सरही अडचणीत येतो. म्हणून भारतीय घरात बल्बऐवजी बोर्डामागे बसणारा रिले अधिक शहाणपणाचा. त्याला न्यूट्रल तार लागते. आपल्या बोर्डांवर बटणांसोबत प्लगही असल्याने ती अनेकदा आधीच आलेली असते. केवळ बटणे असलेल्या बोर्डात मात्र आधी तपासून घ्यावे.

‘स्वतः करा’ या उत्साहाला मर्यादा घालण्याची जागाही हीच. बोर्डामागे २३० व्होल्टचा प्रवाह असतो. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच, एमसीबी बंद करून करून घ्यावे. पंख्याला दिव्याचा डिमर जोडू नये. त्यासाठी पंख्याचेच नियंत्रक मिळतात. गिझर, एसी आणि पाण्याची मोटर लहान रिलेवर टाकू नये. मोटर सुरू होताना घेत असलेला प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट असतो. रिलेने कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर, ही पद्धत सुरक्षित.

खरेदीतही सावधगिरी हवी. झेड-वेव्ह प्रकारातील उपकरणे भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, अमेरिकेत ९०८ आणि युरोपात ८६८ मेगाहर्ट्झवर. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेले झेड-वेव्ह कुलूप येथील हबशी बोलू शकत नाही. शिवाय भारतात ती वारंवारता त्या कामासाठी खुली नाही. स्वस्त वाय-फाय प्लग घेताना तो कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतो का, हे आधी विचारावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाची खूण खोक्यावर असल्यास मूलभूत नियंत्रण घरच्या जाळ्यातून होते. हाताने जोडणी करण्याची आवड असलेल्यांसाठी शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या चिप आहेत. त्यांना पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर जोडून टाकीचा प्रश्न घरीच सोडवता येतो.

हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असणे आवश्यक आहे. रास्पबेरी पायमध्ये मेमरी कार्ड वापरले असेल, तर लिहिणे चालू असताना वीज गेल्यास कार्ड खराब होण्याचा धोका असतो. एसएसडी त्यापेक्षा टिकाऊ. इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटते, तेवढ्यानेही पाय बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. छोटा यूपीएस ही उणीव भरून काढतो.

परगावच्या मुलाला घराची स्थिती दिसावी, यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडे ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेल्या कॅमेऱ्यांचा आणि राउटरचा ताबा घेऊन मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली होती. भारतात अनेक इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी ग्राहक ठेवतात, त्यामुळे पोर्ट उघडण्याचा उपाय बहुधा चालतही नाही. वायरगार्डसारखे व्हीपीएन वापरणे हा सरळ मार्ग. एक गोष्ट तरीही लक्षात ठेवावी लागते : हब घरात असला तरी बाहेर सूचना जाण्यासाठी इंटरनेट लागतेच. घरातील भोंगा जोडणीविना वाजेल, पुण्याला संदेश मात्र पोहोचणार नाही.

मराठीत आज्ञा देण्याची सोय अद्याप अर्धवट आहे. ‘व्हिस्पर’ हे बोलणे ओळखणारे मुक्त मॉडेल मराठी जाणते आणि घरच्या संगणकावर चालू शकते. परंतु रास्पबेरी पायवर चालेल इतक्या लहान आवृत्तीत त्याची मराठी अडखळते, आणि मोठी आवृत्ती चालवायची तर अधिक ताकदीचा संगणक हवा. ज्येष्ठांसाठी सध्या तरी भिंतीवरचे मोठे बटण अधिक विश्वासार्ह.

स्वतःचा हब असला की घरातील नोंदी घराबाहेर जात नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ सांगितला जातो. त्याला दुसरी बाजू आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. कंपनीला जाब विचारता येतो. घरातल्या हबवर कोणाची नजर असावी, हे मात्र घरातच ठरवावे लागते. आई किती वाजता उठली, वडील कितीदा न्हाणीघरात गेले, कामाला येणाऱ्या बाई केव्हा आल्या, याची मिनिटागणिक नोंद परगावी बसलेल्या मुलाच्या पडद्यावर उमटू शकते. काळजी आणि पाळत यांतील अंतर येथे फार थोडे उरते. ज्यांची नोंद होणार त्यांना आधी विचारणे, कॅमेऱ्याऐवजी दाराचा किंवा हालचालीचा सेन्सर वापरणे आणि जुन्या नोंदी काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था करणे, हे सर्व हबमध्ये शक्य आहे. मात्र ते कोणीतरी मुद्दाम करावे लागते.

उरतो देखभालीचा प्रश्न. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते आणि एखाद्या बदलाने कालपर्यंत चाललेला नियम आज थांबू शकतो. कंपनीचा हब बिघडला तर तक्रार करण्यासाठी एक क्रमांक असतो. घरच्या हबच्या बाबतीत तो क्रमांक ज्याने तो उभारला त्याचाच. म्हणून बॅकअप हबबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवावा. कोणता रिले कोणत्या बोर्डामागे आहे, हब बंद कसा करायचा, आणि वायरमनने काय काढले म्हणजे जुनी जोडणी पूर्ववत होईल, हे मराठीत एका कागदावर लिहून एमसीबीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे. रिलेची जोडणीही अशी करून घ्यावी की हब आणि राउटर दोन्ही बंद पडले, तरी भिंतीवरच्या जुन्या बटणाने जिन्यातील दिवा लागेल.