चाक लहान, म्हणून पेडल जास्त?

पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागलेली, सामान बांधलेली घडीची सायकल शिरढोण मागे टाकून कर्नाळ्याच्या खिंडीकडे निघाली, की बघणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं : "एवढ्याशा चाकांवर चढ? किती पेडल मारावे लागत असतील!" पनवेल-खारघरच्या ज्या सायकलस्वारांना ही चढण पाठ आहे, त्यांच्यातलेही बरेच जण हेच म्हणतात. सायकल विकणारेसुद्धा गिऱ्हाइकाला हेच सांगतात, तेव्हा मात्र राग येतो. कारण हा गैरसमज शाळेतल्या गुणाकाराने खोडता येतो.

पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाणार, हे तीन गोष्टींवर ठरतं : पुढच्या चकतीचे दाते, मागच्या चकतीचे दाते आणि चाकाचा घेर. जाडसर टायर असलेल्या २० इंची चाकाचा घेर सुमारे १.५५ मीटर, तर मोठ्या रोड सायकलचा सुमारे २.१३ मीटर. हा फरक बनवणाऱ्यांना ठाऊक असतोच, म्हणून ते पुढे मोठी चकती बसवतात. डाहॉन, टर्न यांच्या आठ गिअरच्या अनेक सायकलींना पुढे ५२ दाते आणि मागे ११ ते ३२ असतात. ५२ भागिले ११, गुणिले १.५५ म्हणजे ७.३ मीटर. रोड सायकलवर पुढे ४८ आणि मागे १४ दात्यांवर चेन ठेवली तरी तेवढंच अंतर कापलं जातं. आता चढाचा गिअर पाहा. घडीची सायकल सर्वांत हलक्या गिअरवर २.५२ मीटर जाते. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असलेली रोड सायकल २.५९ मीटर. फरक चार बोटांचा!

उलट, खरी तक्रार दुसरीच असायला हवी. तंबू, कपडे, पाणी लादून वरंधा किंवा ताम्हिणी चढायचा असेल तर अडीच मीटरचा गिअर जडच पडतो. पुढची चकती ५२ ऐवजी ४२ दात्यांची केली की तो दोन मीटरवर येतो आणि गुडघे वाचतात. चढावर लागणारा जोर वजन, चढाची तीव्रता आणि वेग यांवर ठरतो. चाकाच्या आकाराचा त्यात वाटा फार थोडा.

लहान चाकाला जास्त पेडल, ही समजूत आली कुठून? बहुधा लहान मुलांच्या सायकलींवरून. तिथे चाकही लहान, पुढची चकतीही लहान आणि गिअर एकच, म्हणून पाय गरगर फिरतात. वेगाबद्दल शंका असेल तर अ‍ॅलेक्स मोल्टन या ब्रिटिश अभियंत्याची सायकल आठवावी. १९८६ मध्ये व्हँकुव्हरला जिम ग्लोव्हरने १७ इंची चाकांच्या मोल्टनवर ताशी ८२ किलोमीटरहून जास्त वेग गाठला. वारा कापणारं आवरण लावलेलं होतं हे खरं, पण चाकं तेवढीच होती.

लहान चाकाची किंमत मोजावी लागते ती खड्ड्यांत. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निसटतं, त्यात लहान चाक खोल उतरतं आणि दणका थेट मनगटांना बसतो. त्यावर उपाय म्हणजे ४७ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यात थोडी कमी हवा.

दुसरा गैरसमज रस्त्याबद्दलचा : घाट म्हणजे चढ आणि सागरी मार्ग म्हणजे सपाट. कोकणचा नकाशा नुसता पाहणाराच असं म्हणू शकतो. किनाऱ्याचा रस्ता जांभ्याच्या सड्यावरून जातो, प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे अशा जंगर सेवा याच खाड्यांवर आहेत. जंगरमधून उतरलं की बहुतेक ठिकाणी पुढे चढ उभाच असतो. कर्नाळ्याची खिंड एकदा ओलांडली की संपते. खाड्या मात्र पुनःपुन्हा येतात.

घडीच्या सायकलीबद्दल आणखीही काही वाक्यं ऐकू येतात. "मधला सांधा घाटात तुटेल." चांगल्या बनावटीचा सांधा नीट आवळलेला असेल तर ही भीती बाळगायचं कारण नाही. रोज निघण्यापूर्वी सांध्याचा खटका तपासावा. उंच हँडलचा दांडा उभं राहून ओढला की लवतो, म्हणून चढ बसूनच चढावा.

"घडी घातली की रेल्वेत नुसतं सामान." वजनाच्या बाबतीत खरं, स्लीपरला ४० किलो सामान मोफत नेता येतं. पण पेट्या-बॅगांच्या आकाराची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे आणि २० इंची सायकलची घडी सहसा त्याहून जाड भरते. कोकण रेल्वेने पनवेलला परतायचं असो की तिथून जायचं, ब्रेकव्हॅनमध्ये नोंदणीची तयारी ठेवलेली बरी.

"उतार तर सोपाच." लहान चाकांना इथेच जपावं लागतं. ब्रेकचे रबर रिमवर घासणारे असतील तर लक्षात ठेवावं : २० इंची रिमचा घेर मोठ्या रिमच्या दोन तृतीयांशच असतो. तेवढीच उष्णता कमी धातूत साठते आणि रिम लवकर तापते. सतत दाबून धरण्यापेक्षा ब्रेक थोडा वेळ जोरात लावून सोडावा आणि लांब घाटात मध्येच थांबून रिम निवू द्यावी.