वनाचा हजेरीपट

शाळेंत तपासणीचा दिवस आला कीं भिंतींना चुना लागे, नकाशे टांगले जात आणि दप्तर नव्या वेष्टनांत बांधलें जाई. पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत असे दिवस आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांतील एकाची आठवण मात्र सुखाची नाहीं. एका लहान गांवीं एक कुटुंब ऊसतोडीस गेलें तें परत आलें नाहीं. त्या घरच्या मुलाचें नांव आम्हीं आठ महिने पटावर ठेविलें व त्यापुढें नित्य हजेरीची खूण केली. कारण पट उतरला असतां एक शिक्षक कमी होण्याची भीति होती. तपासणीस आले, दप्तर पाहून संतुष्ट झाले व उत्तम शेरा देऊन गेले. मुलगा कोठें आहे, हें त्यांनीं विचारलें नाहीं. आम्हींहि त्याचा शोध केला नाहीं.

राजस्थानांतील सरिस्का वनाची हकीकत वाचतांना आम्हांस तो हजेरीपट आठवला. अरवली पर्वतांतील हें अरण्य पूर्वीं अलवर संस्थानची शिकारीची राखीव जागा होती. १९७३ सालीं आपल्या मेळघाटासह नऊ वनांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, व १९७८ सालीं त्यांत सरिस्काहि आलें. तेथें पहारेकरी होते, चौक्या होत्या, योजनेचीं पुस्तकें होतीं आणि वाघांची गणनाहि होत असे. पंजाचा ठसा काचेवर उतरून घ्यावयाचा व त्यावरून वाघ ओळखावयाचा, अशी ती रीत. २००४ सालीं कागदावर पंधराहून अधिक वाघ होते. २००५ सालीं भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं वन धुंडाळलें, तेव्हां एकहि वाघ आढळला नाहीं. चोरट्या शिकाऱ्यांनीं सर्व नाहींसे केले होते.

खुणांवरून प्राणी मोजण्याची कल्पना नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, हत्तींच्या झोपण्याच्या जागा, पाउलखुणा व लेंड यांवरून वनपालांनीं कळपाचा अदमास घ्यावा व त्याची लेखी नोंद ठेवावी, असें सांगितलें आहे. परंतु एकाच वाघाचा ठसा वाळूंत एक दिसतो व चिखलांत दुसरा. शिवाय ज्याच्या कामाची परीक्षा व्हावयाची, त्याच्याच हातीं मोजणी सोंपविली, तर आंकडा वर कां राहतो हें आम्हां मास्तरांस सांगण्याची गरज नाहीं.

या आपत्तीनंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलानें २००५ सालीं अहवाल दिला व २००६ सालीं कायदा सुधारून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापिलें गेलें. आतां रानांत कॅमेरे लावून अंगावरील पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. व्यवस्थापनाचीहि ठराविक काळानें परीक्षा होते. वनाची स्थिति, योजना, साधनें, कार्यपद्धति, झालेलें काम व अंतिम फल अशा सहा अंगांनीं गुण दिले जातात. २०२२ च्या परीक्षेस ५१ प्रकल्प बसले. १२ उत्कृष्ट ठरले, ५ शेवटच्या श्रेणींत राहिले, आणि केरळांतील पेरियार पहिलें आलें.

ही सुधारणा मोठी आहे. तथापि दोन शंका आमच्या मनांतून जात नाहींत. पहिली बेरजेची. विद्यार्थी सर्व विषयांत मिळून पाऊणशें टक्के मिळवील, पण गणितांत नापास असला तर आपण त्यास वर चढवीत नाहीं. त्याचप्रमाणें योजना सुंदर, वाहनें भरपूर, परंतु वनांतील प्राणी घटत आहेत, अशा वनास अन्य गुणांच्या बळावर वर चढवूं नये. अंतिम फलांत उत्तीर्ण होणें हें सक्तीचें असावें. दुसरी शंका परीक्षकांची. त्यांत निवृत्त वनाधिकाऱ्यांचा भरणा असतो. त्यांचें ज्ञान अमोल खरें. परंतु वनाच्या कडेस राहणारा गुराखी, ज्याची म्हैस वाघानें नेली, त्याचा शेराहि तितक्याच आदरानें लिहून घेतला पाहिजे.

सरिस्काच्या पुढील इतिहासांत याचें प्रमाण आहे. २००८ सालीं रणथंभोरहून हेलिकॉप्टरनें वाघ आणून तेथें सोडला. पाठोपाठ वाघिणीहि आणल्या. २०१० सालीं तो पहिला वाघ विषप्रयोगानें मेला. कॅमेरा विष ओळखीत नाहीं. शेजारच्या गांवाचें मन ओळखणाराच तें टाळूं शकतो. २०१२ सालीं तेथें बछडे दिसले, आणि २०२४ सालापर्यंत वाघांची संख्या चाळिसांवर गेली. तरी वनांतील गांवांचें स्थलांतर रेंगाळलेंच आहे, आणि पांडुपोलच्या मारुतीस मंगळवारीं व शनिवारीं भाविकांची रीघ गाभ्याच्या रानांतूनच लागते. आपण कुटुंबासह अशा देवस्थानास जातों, तेव्हां आपल्या गाडीचा धूर व आपण टाकलेली पत्रावळ हींहि त्या वनाच्या व्यवस्थेचींच अंगें आहेत, हें मुलांस सांगावें.

वाचकांनीं कोणत्याहि अभयारण्याचा शेरा वाचतांना एकच प्रश्न विचारावा: मोजलें कोणीं, आणि डोळ्यांनीं पाहिलें कोणीं? सरिस्काच्या पटावर वाघ निदान पुन्हां आणतां आले. आमच्या पटावरचा तो मुलगा आज पन्नाशीच्या जवळ असेल. त्यास अक्षरओळख राहिली असेल काय, हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्याच्या नांवापुढें मात्र हजेरी पूर्ण आहे.